गाऱ्हाणें मांडणें हा गुन्हा काय?

राज्य परक्याचें असो कीं आपलें असो, अधिकारपदावर बसलेल्या मनुष्यास आपल्या कारभाराची चौकशी आवडत नाहीं. हा मनुष्यस्वभाव आहे व त्याबद्दल कोणास दोष देण्यांत अर्थ नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती नावड अंमलांत आणण्याचें हत्यार कायद्यानें त्याच्या हातीं द्यावें किंवा कसें. आमच्या देशांत तें हत्यार १८६० सालापासून दिलेलें आहे आणि स्वराज्य येऊन पाऊणशें वर्षें उलटलीं तरी तें काढून घेतलेलें नाहीं. दुसऱ्याच्या हक्कासाठीं भांडणाऱ्या किंवा सरकारी दप्तरांतील कागद मागणाऱ्या माणसावर प्रथम फिर्याद होते, मग समन्स निघतें, मग तारखांमागून तारखा पडतात. आणि मूळ गाऱ्हाणें जेथल्या तेथें राहून, तें मांडणाऱ्याचीच झडती सुरू होते. ज्या जिल्ह्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या अहमदनगर म्हणत आलों व २०२४ सालापासून ज्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे, त्या एका जिल्ह्याशीं निगडित असलेलीं उदाहरणें घेतलीं तरी हा सर्व विषय उलगडून दाखवितां येतो, म्हणून आज त्यांचाच विचार करूं.

नगरचा भुईकोट किल्ला म्हटला म्हणजे १९४२ च्या चळवळींत तेथें कोंडलेले नेहरू, पटेल, आझाद प्रभृति पुढारी वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात, व तें योग्यच आहे. परंतु त्यापूर्वीं साठ वर्षें याच किल्ल्यांत एका तरुण राजास ठेवण्यांत आलें होतें, याची आठवण खुद्द नगरकरांपैकींही थोड्यांसच असेल. कोल्हापूरचे छत्रपति चवथे शिवाजी महाराज यांस वेड लागलें आहे असें ठरवून सरकारनें त्यांस गोऱ्या माणसांच्या देखरेखीखालीं दिलें. महाराज खरोखरच वेडे आहेत, कीं छळामुळें त्यांची तशी दशा होत आहे, ही शंका त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रास ग्रासून होती. १८८१ सालीं नुकत्याच निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं ती उघडपणें बोलून दाखविली आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. बर्वे यांनीं अब्रूनुकसानीची फौजदारी फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या आधारानें हे लेख लिहिले गेले होते तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, तरीही जुलै १८८२ मध्यें त्या दोघांस प्रत्येकीं चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते २६ आक्टोबर रोजीं सुटले.

कायद्याच्या काटेकोर दृष्टीनें पाहतां या शिक्षेस नांवें ठेवण्यास फारशी जागा नाहीं, हें आम्ही वकिलीच्या अनुभवावरून मोकळ्या मनानें म्हणतों. पत्रें खोटीं होतीं. खोट्या कागदावर विसंबून एका गृहस्थाची अब्रू घेतली गेली होती. परंतु खटल्याच्या निकालानें उत्तर मिळालें तें एवढ्याच प्रश्नाचें कीं, हीं विवक्षित पत्रें बर्व्यांचीं होतीं काय. महाराजांस कसें वागविलें जातें, हा जो प्रजेचा प्रश्न, त्यास कोणत्याही न्यायासनापुढें वाचा फुटली नाहीं. त्याच १८८२ सालीं महाराजांची रवानगी नगरच्या किल्ल्यांत झाली होती. आणि २५ डिसेंबर १८८३ रोजीं, अवघ्या वीस वर्षांच्या वयांत, पहाऱ्यावरील ग्रीन नामक गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर तेथेंच त्यांचा अंत झाला. संपादकांस तुरुंगांत धाडल्यानें फिर्यादीची अब्रू राखली गेली असेल; ज्याच्यासाठीं ते ओरडत होते त्याचा जीव राहिला नाहीं.

या प्रकरणांतील एक गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत धरण्यासारखी आहे. खटला उभा राहिला तेव्हां आरोपींस दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. आजच्या हिशेबानें ती रक्कम केवढी होते हें पेढीवरच्या माणसास सांगावयास नको. जोतीराव फुले यांचे या दोन ब्राह्मण तरुणांशीं मतभेद मोठे. तरी त्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक मंडळींतील रामशेट बापूशेट उरवणे हे जामीन राहण्यास पुढें झाले. मत पटो न पटो, बोलण्याबद्दल कोणी तुरुंगांत जात असेल तर आपली थैली सोडावी, हा विवेक त्या काळच्या एका शेटजीस होता.

पुढचें उदाहरण पारनेरचें. सेनापति बापट यांचा जन्म पारनेरचा, १८८० सालचा. १९२१ सालीं मुळशी पेट्यांत टाटा कंपनीच्या धरणासाठीं सरकारनें मावळ्यांच्या जमिनी घेण्याचें सुरू केलें, तेव्हां त्यांनीं सत्याग्रह उभारला. आपल्याच शेतांत व बांधकामाच्या वाटेवर बसणाऱ्या शेतकऱ्यांस, बायामाणसांस सुद्धां, धरून नेऊन शिक्षा देण्यांत आल्या. पुढें १९२४ सालीं बापटांनीं स्वतः शस्त्र हातीं घेऊन कंपनीची आगगाडी अडविली व त्याबद्दल सात वर्षांचा कारावास पत्करला. या दोन गोष्टींत आम्ही भेद करतों. आगगाडी अडविणें हा अपराध होता. करणाऱ्यानें तो लपविला नाहीं, आणि अशा खटल्यास अन्याय्य म्हणणें म्हणजे शब्दाचा अर्थ घालविणें होय. परंतु स्वतःच्या बांधावर बसणाऱ्या मावळ्यास गुन्हेगार ठरविणें, याला दुसरें नांव नाहीं. ज्यांस दोन्हींचा घोटाळा करावयाचा असतो ते नेहमीं दुसऱ्या प्रकारच्या माणसास पहिल्या प्रकारचे ठरवूं पाहतात.

हे दोन्ही दाखले परकी अमलाचे. आतां स्वराज्याकडे वळूं. पारनेर तालुक्यांतीलच राळेगणसिद्धी येथील श्री. अण्णा हजारे यांनीं महाराष्ट्राचे तत्कालीन समाजकल्याणमंत्री श्री. बबनराव घोलप यांच्यावर गैरकारभाराचे आरोप केले. मंत्र्यांनीं फौजदारी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. आरोपांस पुरेसा पुरावा देतां आला नाहीं, म्हणून सप्टेंबर १९९८ मध्यें मुंबईच्या महानगर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयानें हजारे यांस तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा दिली व ते तुरुंगांत गेले. महाराष्ट्रभर गवगवा झाला आणि शेवटीं सरकारलाच त्यांची सुटका करावी लागली. मंत्रिमहाशयांनीं एप्रिल १९९९ मध्यें पदाचा राजीनामा दिला. शिक्षेचे तीन महिने पुरे भरले असते, तर ज्या सुमारास हजारे तुरुंगाबाहेर पडते त्याच सुमारास, ९ डिसेंबर १९९८ रोजीं, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या माणसांच्या संरक्षणाचा जाहीरनामा मंजूर केला. अशा माणसास एकट्यानें किंवा इतरांसह सरकारी कारभारावर टीका करण्याचा व गाऱ्हाणें दाखल करण्याचा हक्क आहे, आणि त्यापायीं त्याच्यावर सूड उगवला जात असल्यास त्याचें रक्षण करणें हें राज्याचें कर्तव्य आहे, असें त्यांत म्हटलें आहे.

मंत्री दोषी होते किंवा नव्हते हा आमचा विषय नाहीं. न्यायालयापुढें पुरावा अपुरा पडला हें आम्ही मान्य करून चालतों. परंतु पुरावा अपुरा कां पडतो, हें पाहण्यासाठीं कायद्याचें पुस्तक उघडावें लागतें. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्यें अब्रूनुकसानीस दहा अपवाद सांगितलेले आहेत. त्यांतील पहिला असा कीं, विधान खरें असेल व तें प्रसिद्ध करण्यांत लोकांचें हित असेल तर तो गुन्हा नव्हे. वाचून वाटावें कीं, सत्य बोलणाऱ्यास आतां भिण्याचें कारण नाहीं. परंतु पुरावा अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणें अपवादाचा फायदा ज्यास पाहिजे त्यानेंच तो सिद्ध करावयाचा असतो. म्हणजे खून-दरोड्याच्या आरोपीस जें सामान्यतः करावें लागत नाहीं, तें लोकांच्या वतीनें बोलणाऱ्यास करावें लागतें. आणि सिद्ध करावयाचें कशावरून? तर खात्याच्या फाइलींवरून. त्या फाइली कोणाच्या कपाटांत? फिर्यादी मंत्र्याच्या! सावकारानें कुळाची वही आपल्या तिजोरींत ठेवून घ्यावी आणि मग कुळास म्हणावें, 'फेड केल्याचा पुरावा दाखव,' तशांतलाच हा मामला. शिवाय मंत्र्याच्या सरकारी वागणुकीबद्दल कोणी बोललें तर त्याच्या वतीनें सरकारी वकिलानें परभारें सत्र न्यायालयांत फिर्याद न्यावी, अशी सोय फौजदारी कार्यपद्धतीच्या कलम १९९ मध्यें होती व नव्या संहितेंतही ती आहे. अब्रू मंत्र्याची, खर्च रयतेचा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता जाऊन नव्या आल्या. नांवें बदललीं, कलमांचे आंकडे बदलले. जुनें ४९९ व ५०० आतां भारतीय न्याय संहितेचें कलम ३५६ झालें. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद कायम आहे. समाजसेवेची शिक्षा पर्याय म्हणून आली, एवढीच काय ती सुधारणा. ज्या इंग्रजांनीं हा कायदा आम्हांस दिला, त्यांनीं स्वतःच्या देशांत फौजदारी अब्रूनुकसानी २००९ च्या कायद्यानें रद्द करून टाकली. सासूबाई निघून गेल्या. घरांतील रीत मात्र सुनेनें अधिकच जपून ठेवली, असा हा प्रकार आहे.

येथें आमचे कांहीं वाचक विचारतील, कीं मग अब्रूला कांहींच मोल नाहीं काय? बाजारपेठेंत 'अमक्याचें दिवाळें निघणार' अशी भुमका उठवून दिली, तर तीन पिढ्यांची पत आठ दिवसांत धुळीस मिळते. आक्षेप योग्य आहे. २०१६ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा फौजदारी कायदा घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला, त्याच्या मुळाशीं हीच विचारसरणी आहे कीं, कीर्ति हा जीविताचाच भाग होय. परंतु व्यापाऱ्याची पत आणि मंत्र्याचा कारभार या दोन वस्तु एका तराजूंत घालतां येत नाहींत. व्यापारी स्वतःच्या भांडवलावर उभा असतो, मंत्री आमच्या. व्यापाऱ्यास दिवाणी दाव्यानें नुकसानभरपाई मिळवितां येते, आणि ती मिळावी. याच सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं राजगोपाल प्रकरणांत असें सांगितलें कीं, सरकारी अधिकाऱ्यास आपल्या अधिकारांतील कृत्यांबद्दल टीकाकाराकडून भरपाईही सहसा मागतां येणार नाहीं. टीका खोटी असून ती सत्यासत्याची पर्वा न करतां केली होती, असें त्यानें दाखविलें पाहिजे. दिवाणी न्यायालयांत ज्यास रुपया मिळणार नाहीं, त्यानें फौजदारी न्यायालयांत जाऊन विरोधकास तुरुंग मिळवावा, ही विसंगति आमच्या कायद्यांत आजही नांदत आहे. ती न्यायालयाच्या अर्थ लावण्यानें दूर होणार नसेल तर विधिमंडळानें दूर करावयास पाहिजे.

मंत्र्यावर आरोप झाला असतां करावयाचें तरी काय, याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तें पांच वर्षांनीं याच हजारे यांच्या निमित्तानें मिळालें. २००३ च्या आगस्टमध्यें त्यांनीं दुसऱ्या सरकारच्या चार मंत्र्यांवर आरोप करून मुंबईस उपोषण केलें. या खेपेस मात्र प्रकरण चौकशीकडे गेलें व न्या. पी. बी. सावंत यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. आयोगानें २००५ च्या फेब्रुवारींत अहवाल दिला. चौघांपैकीं तिघांवर ठपका आला, एकास निर्दोष ठरविण्यांत आलें, आणि दोघांस मंत्रिपद सोडावें लागलें. इतकेंच नव्हे, तर आयोगानें आरोप करणाऱ्याचेंही दप्तर तपासलें, आणि हजारे यांच्या हिंद स्वराज्य ट्रस्टमधून त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर २ लाख २० हजार रुपये खर्ची पडले याबद्दल त्यांसही बोल लावला. हजारे यांच्या भक्तांस हें कडू लागलें. आम्हांस तें औषधासारखें वाटलें. आरोपीचा जमाखर्च व फिर्यादीचा जमाखर्च एकाच मेजावर उघडला गेला, जो निर्दोष तो निर्दोष ठरला, आणि एकही मनुष्य तुरुंगांत न जातां महाराष्ट्रास जें कळावयाचें तें कळलें. १९९८ च्या खटल्यानें यांतलें काय कळलें होतें?

फाइली मंत्र्याच्या कपाटांत आणि पुराव्याचा बोजा रयतेच्या डोक्यावर, या कोंडींतूनच माहितीच्या अधिकाराची मागणी जोरावर आली. राळेगणच्या चळवळीचा तिच्यांत मोठा वांटा आहे. २००२ चा महाराष्ट्राचा कायदा व १२ आक्टोबर २००५ पासून अंमलांत आलेला देशाचा कायदा, यांनीं दहा रुपयांच्या अर्जावर कपाट उघडण्याची किल्ली सामान्य माणसास दिली. पण किल्ली हातीं आली म्हणजे कपाटाचा मालक गप्प बसतो असें नाहीं. तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनीं जमिनींच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजीं पहाटेच्या वेळीं त्यांस भररस्त्यांत ठार करण्यांत आलें. समन्स धाडून जो गप्प बसत नाहीं त्याच्यासाठीं हा दुसरा मार्ग.

नगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापुरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस जाऊं द्यावें म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं २००० सालच्या सुमारास आंदोलन केलें, तेव्हां धर्म बुडाला अशी ओरड झाली. २०१६ च्या एप्रिलमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, स्त्रियांस मंदिरप्रवेशाची मनाई करणारा कोणताही कायदा नाहीं. आणि त्याच महिन्यांत गुढीपाडव्याच्या दिवशीं देवस्थाननें चौथरा सर्वांस खुला केला. मागणी कायदेशीर होती असा निर्वाळा मिळाला, पण ती करणारा तो ऐकावयास नव्हता. २० आगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास गेले असतां पुण्यांत त्यांचा गोळ्या घालून खून झाला होता. त्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजीं लागला: दोघांस जन्मठेप, तिघे निर्दोष. जवळजवळ अकरा वर्षें!

आणि येथें दुसरी बाजू पहा. अब्रूनुकसानीच्या कायद्यांत निदान जामीन तरी लवकर मिळतो. बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याखालीं धरलेल्या माणसास, पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनीं खरा वाटल्यास, जामीनच देऊं नये असें त्याचें कलम आहे. प्रा. आनंद तेलतुंबडे हे १४ एप्रिल २०२० रोजीं, आंबेडकर जयंतीस, स्वाधीन झाले. नोव्हेंबर २०२२ मध्यें उच्च न्यायालयानें, दहशतवादी कृत्याचा त्यांच्याविरुद्ध सकृद्दर्शनीं पुरावा दिसत नाहीं असें म्हणून त्यांस जामीन दिला. मध्यें ३१ महिने गेले. आदिवासींमध्यें आयुष्य घालविलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी याच प्रकरणांत कच्च्या कैदेंत असतां ५ जुलै २०२१ रोजीं मुंबईच्या इस्पितळांत वारले. त्यांच्यावरील खटला उभाही राहिला नव्हता. या मंडळींचीं मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं, कित्येक नाहींत. परंतु ज्या देशांत न्यायाधीशानें शिक्षा देण्यापूर्वींच ती भोगून होते, तेथें निकालपत्राचा उपयोग काय?

सरकार सूड घेतें तेव्हां निदान वर्तमानपत्रांत नांव छापून येतें. गांवच्या धाकास बळी पडणाऱ्याचें तेंही येत नाहीं. जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें २८ एप्रिल २०१४ रोजीं एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सारा महाराष्ट्र हळहळला, मंत्री येऊन गेले, आश्वासनें झालीं. नगरच्या सत्र न्यायालयांत खटला चालला तेव्हां साक्षीदारांमागून साक्षीदार फिरले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्यें सर्व आरोपी सुटले. न्यायाधीशापुढें पुरावाच आला नाहीं तर त्यानें तरी काय करावें? साक्षीदार फितूर झाले असें म्हणणें सोपें आहे. ज्याच्या विहिरीवर पाणी भरावयाचें, ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, ज्याच्या दुकानावर उधारी आहे, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यांत उभें राहून बोलावयाचें, हें किती माणसांस जमेल? मानवी हक्कांचे कैवारी म्हणजे केवळ सभा गाजविणारे पुढारी, अशी समजूत आहे ती चुकीची होय. खर्ड्यासारख्या गांवीं जो साक्षीदार 'मीं पाहिलें' म्हणून शपथेवर सांगतो तोही त्यांतलाच, आणि त्याच्या पाठीशीं ना ट्रस्ट, ना वर्तमानपत्र.

यावर इलाज कागदोपत्रीं आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता देऊन ती सर्व राज्यांस लागू केली. प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं समिति असावी, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख तिचे सभासद व सरकारी वकिलांचे प्रमुख सचीव असावेत. साक्षीदारानें अर्ज केला म्हणजे त्याच्या जिवास किती धोका आहे याचा अहवाल पोलिसांकडून मागवावा आणि लागल्यास घरावर पहारा, न्यायालयापर्यंत सोबत, नांवाची गुप्तता, प्रसंगीं तात्पुरतें दुसरीकडे बिऱ्हाड, इतकी व्यवस्था तींत आहे. अर्ज करावयाचा असतो हेंच मुळीं आमच्या खेडुतास ठाऊक नाहीं. नगरच्या वकीलमंडळानें ही योजना मराठींत छापून तालुक्यातालुक्याच्या न्यायालयांत व पोलीस ठाण्यांत लावावी, आणि अर्ज लिहून देण्यास दर आठवड्यास एक वकील विनामूल्य बसवावा. खोट्या फिर्यादींच्या बाबतींतही एक जुनें कलम धूळ खात पडलें आहे: दंडाधिकाऱ्यापुढील फिर्याद सबळ कारणावांचून केलेली आढळल्यास फिर्यादीकडून आरोपीस भरपाई देवविण्याचा अधिकार जुन्या कार्यपद्धतीच्या कलम २५० नें न्यायालयास होता व नव्या संहितेच्या कलम २७३ नें तो आजही आहे. सुटका झालेला आरोपी घरीं जाण्याच्या आनंदांत तो मागावयास विसरतो आणि त्याचा वकीलही पुष्कळदां आठवण देत नाहीं. यापुढें ती द्यावी. राहतां राहिला जामिनाचा प्रश्न. तो मोंढ्यांतल्या व कापडबाजारांतल्या मंडळींचा आहे. दरसाल गणेशोत्सवास जी वर्गणी निघते तिचा दहावा हिस्सा एका खात्यावर जमा राहिला, तरी पुढच्या खेपेस एखाद्या कार्यकर्त्यास जामिनाची रक्कम नाहीं म्हणून रात्र कोठडींत काढावी लागणार नाहीं.